बाई मेल्या आणि किल्ला दिसला

"आज किल्ला! चहा नाही, रोटी नाही, गप्पा नाहीत! सूर्य नदीपलीकडे अफगाणांच्या डोंगराला टेकायच्या आत माझी सहाही माणसं यामचूनच्या बुरुजावर उभी असतील. नसली तर नाव बदलून ठेव माझं!"

नाझारशो फोनवर इतक्या जोरात बोलत होता की अंगणातल्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबल्या. पलीकडे खोरोग शहरात सवसन होती. सहलींची कंपनी तिची. वयाने पोरीसारखी, पण बोलायला लागली की सासूसारखी.

"नाव बदलून मी काय लोणचं घालू, काका? मागच्या तिन्ही गटांची एकच तक्रार! किल्ला दाखवतो म्हणून नेलं आणि दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. आता ही शेवटची संधी. या वेळी किल्ला हुकला तर पुढच्या सहलीला माझा दीर वाटाड्या!"

हा दीर म्हणजे मेंढी आणि बकरी यांतला फरक शेपटी वर करून बघणारा इसम! पण सवसनने ठरवलं तर तोच येणार. मग नाझारशोला दोनच वाटा उरत होत्या. वाकून बटाटे काढायचे, नाहीतर मॉस्कोला मुलाकडे जाऊन लोकांच्या दारातला बर्फ ओढायचा. पहिल्याला कंबर तयार नव्हती, दुसऱ्याला मन.

त्याची बायको सोहिबजमोल चुलीपाशी पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस म्हणाला होता, उद्या छप्पर दुरुस्त करतो," असं ती पिठाला म्हणाली.

वाखानच्या खोऱ्यात अडचण रस्त्याची नाही, दारांची आहे. रस्ता तसा थोडाच, पण त्याला दारं फार, आणि प्रत्येक दारात कुणीतरी रोटी घेऊन उभं. पाहुणा चहा न घेता पुढे गेला तर त्या घराची मान खाली. बरं, चहा म्हणजे नुसता चहा नव्हे! दूध, मीठ, लोणी, त्यात बुडवायला रोटी, मग जर्दाळू, मग आजोबांचे फोटो. हे सगळं नाझारशो वर्षानुवर्षं करत आला होता आणि आता त्याला या सगळ्याचाच वीट आला होता. उताराला लागला की त्याच्या पोटात चहा डुचमळताना ऐकू येतो, असं त्याचा ड्रायव्हर चोरशंबे सगळ्यांना सांगायचा.

सहा पाहुण्यांत पुढच्या सीटवर बसल्या होत्या अगाताबाई. पोलंडच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, आणि तब्येतीने खेचरासारख्या ठणठणीत. शाळेत शिकलेलं रशियन त्यांना अजून येत होतं. मांडीवर एक फुगलेली पिशवी होती आणि ती त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. गाडी सुरू झाली की त्यांना झोप लागायची, तीही तोंड उघडं टाकून.

पुढचंच गाव बख्तीबेगिममावशीचं. मावशी रस्त्याच्या मधोमध उभी! हातात रोटी, पाठीमागे वाफाळती किटली.

"उडवू?" चोरशंबेने विचारलं.

"सख्खी मावशी आहे माझी!"

"म्हणून तर विचारलं."

गाडी थांबली. मावशी खिडकीशी आली. "उतर रे भाच्या! लोणी कालचंच आहे."

नाझारशोच्या डोळ्यांपुढे सवसनचा दीर उभा राहिला. शेजारी अगाताबाई तोंड वासून झोपल्या होत्या. आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मावशी, आज नको गं. ही बाई फार आजारी आहे. बीबी फातिमाच्या झऱ्यावर नेतोय. गरम पाणी लागलं तर लागलं, नाहीतर..."

मावशीने आत डोकावून पाहिलं. रोटी छातीशी धरली. "अगं बाई! मग थांबलास कशाला मेल्या? जा, जा!"

एवढी मोकळी वाट वाखानात कुणाला मिळाली नसेल! चोरशंबेने गाडी हाणली आणि कौतुकाने मान हलवली. "इतकी वर्षं गिळलेला चहा फुकट गेला की रे तुझा! औषध तर जिभेवरच होतं."

नाझारशो मागे टेकला. पहिल्यांदाच त्याला वाटलं, आज जमणार.

पण मावशीच्या हातात आता रोटीऐवजी फोन होता.

दुसऱ्या गावात माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेने उभी होती. चहाचं कुणी नावही काढलं नाही. दोन बायकांनी दार उघडलं, झोपलेल्या अगाताबाईंचे बूट काढले आणि तळव्यांना जर्दाळूच्या बियांचं तेल चोळायला घेतलं. तिसरीने दातांच्या फटीतून शिलाजीत सारलं.

अगाताबाई जाग्या झाल्या. "हे सहलीच्या पैशांतच का?"

"हो, हो," नाझारशो म्हणाला. घाम त्याला सुटला होता.

"छान आहे! आणि चहा?"

"पुढे, बाई. पुढे."

मागच्या पाच जणांनी रोटीच्या वासाच्या दिशेने माना वळवल्या आणि परत सरळ केल्या. अगाताबाईंनी पाय तसेच लांब करून पुन्हा डोळे मिटले. तेल चोळणारी म्हातारी शेजारणीच्या कानात म्हणाली, "पाय थंडगार आहेत गं." खिडकी उघडी होती, खालून नदीचा वारा येत होता, पाय थंड नसतील तर काय! पण हे सांगणार कोण? गाडी निघाली आणि तिच्यापुढे ते थंड पाय निघाले, फोनवरून.

किल्ल्याच्या पायथ्याचं गाव आलं तेव्हा सूर्य अजून बराच वर होता. नाझारशो मनातल्या मनात सवसनला फोन लावत होता. तेवढ्यात चोरशंबेने ब्रेक दाबला.

सगळं गाव रस्त्यावर होतं. पुरुष टोप्या हातात घेऊन, बायका डोळ्यांना रुमाल लावून. मधे जनाज्याची लाकडी बाज, तिच्यावर कोरी चादर. पुढे शोमुरोदबाबा, गावचे खलिफा, म्हणजे प्रार्थना सांगणारे, पांढऱ्या दाढीचे. एकाही छपरातून धूर येत नव्हता.

बाबांनी नाझारशोला मिठीत घेतलं. "लेकरा, परक्या मुलखात मरण आलं बिचारीला. तिचं घर इथे नाही, म्हणून आजपासून हे सगळं गाव तिचं घर. सुतक आम्हालाच. सगळ्या चुली विझवल्यात. वरच्या, खालच्या गावांनाही कळवलंय."

कुणा अनोळखी बाईसाठी गावच्या गावांनी चुली विझवाव्यात, आणि त्या कशावरून, तर आपल्या एका थापेवरून! त्याला खरोखर रडू आलं. लोकांना वाटलं, किती मायेचा माणूस.

"खरं सांगितलंस तर खोऱ्यात तोंड दाखवायला जागा नाही," चोरशंबे कानात कुजबुजला.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पुरावं लागेल."

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि अगाताबाई खाली उतरल्या. अनवाणी. त्यांनी दोन्ही हात वर करून मोठी जांभई दिली. एका बाईने किंचाळून शेजारणीला धरलं. कुत्रीसुद्धा मागे सरली.

"बाबा," नाझारशो घाईघाईने म्हणाला, "तुमची प्रार्थना फळली!"

शोमुरोदबाबांनी क्षणभर बाईंकडे पाहिलं, क्षणभर आकाशाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. "मी दुपारी जरा मन लावूनच केली होती," ते हळूच म्हणाले. मग वळून गरजले, "कुणी फोन करायचा नाही! ही बातमी गावोगाव मी स्वतः सांगणार!" आणि बाईंना रशियनमध्ये विचारलं, "लेकी, तुझ्या मनात काय इच्छा राहिली होती?"

"मला तो किल्ला बघायचा होता," अगाताबाई म्हणाल्या.

बस! मरणाच्या दारातून परतलेल्या बाईला चालवत नेणार कोण? गावाने त्यांना उचलून बाजेवर बसवलं. "अहो, मी रोज डोंगर चढते!" असं त्या ओरडल्या, पण दहा पावलांनंतर मांडी घालून बसल्या आणि फोटो काढू लागल्या. एक कोपरा अर्थातच सगळ्यात मायेच्या माणसाच्या खांद्यावर आला. नाझारशोची कंबर बटाट्यांना नको म्हणत होती, तिला आता अगाताबाई मिळाल्या! मागून पाच पाहुणे आणि अख्खं गाव. चढ असा की जीव कानांत येऊन बसतो.

पण सूर्य टेकायच्या आत पोचले! खाली नदी, पलीकडे बर्फ, आणि पुढ्यात तपकिरी दगडांचे बुरुज उन्हात तापलेले. सहा जण बघत उभे राहिले. आता वाटाड्याने माहिती सांगायची. नाझारशो पुढे झाला, छाती फुगवली आणि त्याच्या लक्षात आलं की तीन सहलींत इथवर न पोचल्यामुळे आपण सगळं विसरलोय.

"हा किल्ला," तो म्हणाला, "फार जुना आहे. आणि... दगडी आहे."

पाहुण्यांनी मान डोलावली. नाझारशोने सवसनला फोन लावला. "ऐक! बुरुजावरून बोलतोय! विश्वास नसेल तर पाहुण्यांनाच विचार!" आणि फोन अगाताबाईंच्या हातात दिला.

"किल्ला सुंदर आहे," अगाताबाई म्हणाल्या. "मला तर खांद्यावरून आणलं. पण मुली, एक विचारू? मी ऐकलं होतं, तुमच्याकडे दारादारात चहाला बोलावतात. मी वर्षभर बसून रुमाल भरले, ज्या घरी चहा घेईन तिथे एक द्यायचा म्हणून. पिशवी अजून भरलेलीच आहे. सकाळपासून आम्हाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आमचं काही चुकलं का गं?"

त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला होता. नाझारशोला तो बाजेच्या कोपऱ्यापेक्षा जड गेला.

फोन परत त्याच्या कानाशी आला तेव्हा सवसन सापडेल त्या शब्दाने त्याला झोडपत होती. "किल्ला फोटोतही दिसतो, काका! पण आपल्या खोऱ्यात पाहुणा उपाशी? माझ्या आजीला काय तोंड दाखवू? अंधार पडायच्या आत त्या बाईच्या हातात चहाचा वाडगा बघायचाय मला. फोटो पाठवा! नाहीतर उद्यापासून दीर!"

नाझारशो खलिफांकडे धावला. "बाबा, चहा!"

"चहा कुठला? मरणासाठी विझवलेली चूल त्या दिवशी पेटवत नाहीत. पेटवली तर मरण वाट विसरून परत येतं. उद्या ये, मेंढा कापू!"

गाडी उलटी निघाली. बातमी सांगायला बाबाही आत बसले. तेलाच्या गावात चुली थंड. ती म्हातारी बाईंचे पाय पुन्हा चाचपून, "गरम आहेत, गरम आहेत!" म्हणत रडली, पण चहा नाही. जन्मभर ज्या चहाला चुकवायचं म्हटलं, तो आज नाझारशो दारोदार मागत होता आणि कुणी देत नव्हतं. मावशी उंबऱ्यावर डोकं धरून बसली होती. खिडकीतून हात हलवणाऱ्या अगाताबाई दिसल्या तशी ती आधी उडाली आणि मग लाटणं घेऊन भाच्याच्या मागे लागली.

"मावशी, मार नंतर! चहा आहे?"

"दुपारपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नाही, तुझ्या त्या बाईपायी!" असं म्हणून मावशीही गाडीत बसली.

पलीकडच्या डोंगरावर उन्हाची एवढीशी चिंधी उरली होती. नाझारशोने आशा सोडली. बटाटे की मॉस्को, एवढंच तो ठरवत होता. आणि वळणावर चोरशंबे म्हणाला, "अरे, ते बघ!"

नाझारशोच्या घरातून धूर निघत होता! चांगला दाट, झरोक्यातून, आणि दुरुस्त न केलेल्या छपराच्या प्रत्येक भोकातून.

सोहिबजमोलने कुणाला काही विचारलं नाही. सगळ्यांना बसवलं, वाडगे भरले, रोट्या मांडल्या. अगाताबाईंनी पहिल्या घोटाला डोळे मिटले, चोरशंबेने फोटो काढून सवसनला पाठवला. बाईंनी पिशवी उघडली आणि सगळेच्या सगळे रुमाल सोहिबजमोलच्या मांडीवर ठेवले. दिराची संधी हुकली, नाझारशो वाचला! त्याने चहाचा वाडगा उचलला. इतक्या वर्षांत चहा इतका गोड, म्हणजे इतका खारट, कधी लागला नव्हता.

शोमुरोदबाबा मात्र चुलीकडे बघत होते. "सूनबाई, तुला बाई गेल्याची बातमी कळली नव्हती का?"

"कळली की, बाबा. मावशींचाच फोन आला."

"मग चूल कशी ठेवलीस?"

"मी विचारलं, आजारी होती हे कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, नाझारशोने." सोहिबजमोलने बाबांच्या वाडग्यात लोण्याचा गोळा सोडला. "म्हणून मग मी आणखी थोडं पीठ मळायला घेतलं."

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले, मावशीने लाटणं जवळ ओढलं. नाझारशोने वाडगा तोंडाला लावला होता, तो रिकामा झाल्यावरही त्याने खाली ठेवला नाही.