दमल्या का?

नव्वद साली लग्न होऊन कळमनुरीत आले, तेव्हा मला शेजारच्या किसनमामांच्या बायकोचा हेवा वाटायचा. रोज तिन्हीसांजेला भिंतीपलीकडून आवाज यायचा, "दमल्या का? पाय चोळून देऊ? आधी तुमी खावा, मंग मी."

मी कोकणातली, सातवीत शाळा सुटलेली. नवरा बायकोला 'तुमी' म्हणतो हे कधी ऐकलं नव्हतं. चैत्रात त्या बाईंसाठी हळदीकुंकू घेऊन गेले, तर समोर टांग्याची घोडी.

"ह्याच आमच्या बाई," मामा म्हणाले. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. "आल्याच हाव तर लावा." मी घोडीला कुंकू लावून आले.

हिवाळ्यात आखातात लढाई पेटली. डिझेल मिळेना, जीपगाड्या उभ्या राहिल्या, सगळा बाजार मामांच्या टांग्यावर चढायला बघू लागला. मामांचा नेम एकच : चार माणसं, दिवसाला तीन फेऱ्या.

"मामा, लढाई चालू हाय. आठ बसू द्या की."

"लढाई माणसायची. बाईनं कोनाचं तेल मागितलं?"

"घोडी हाय का कलेक्टरीण?"

"उतर खाली."

घोडीचा हरभरा महागला, तसे मामा एकदाच जेवू लागले. घोडीच्या तोंडाला बांधायचा दाण्याचा तोबरा मात्र भरलेलाच.

माझं पहिलं बाळंतपण. गाड्यांचा भरवसा नाही म्हणून माहेरी जाता आलं नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा दिवस मावळत होता. मी दाराला धरून उभी, नवरा मामांपुढे हात जोडून. तिसरी फेरी संपली होती, घोडी तोबऱ्यात तोंड घालून खात होती. मामांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं.

मामांनी टांग्याच्या दांड्या उचलून स्वतःच्या काखेत घेतल्या. "बाईची चौथी होत न्हाई. माझी तर पयलीबी झाली न्हाई. बसा."

नवरा मागून ढकलत होता. दवाखान्याच्या चढाला मामा थांबले, धापा टाकत मागं वळून म्हणाले, "दमल्या का?"

"ओढताय तुम्ही मामा. मी कशानं दमेन?"

"आमची ही बी न दमल्यावानीच ऱ्हायची. दिसभर खडी फोडून यायची, उरलंसुरलं खायाची. म्या कदी इचारलंच न्हाई." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "खरं सांगा, पोरी."

तोवर मला कुणी हे विचारलं नव्हतं.

"व्हय मामा," मी म्हणाले. "लई दमले."

मामांनी मान हलवली आणि चढ संपेपर्यंत टांगा अगदी हळू नेला.