एक शून्य आणि दोन बोटं

जिन्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं एक दार. पाटी, साखळी, बाहेर डोकावायचा काचेचा डोळा, सगळं जागच्या जागी. फक्त दारामागे घर नाही.

खांद्यानं कानाशी दाबून धरलेला फोन.

स्टीलची मोजपट्टी. बटण सोडलं की झप्पकन डबीत परत जाते आणि जाताना कुणाचं तरी बोट चावते.

शिंप्याच्या दुकानात, बटणांच्या बरण्यांशेजारी, भलत्याच घरच्या दुधाचं पातेलं.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

एक शून्य. असायला हवं होतं तिथं नाही.

हे सगळं एकाच फ्रीजपायी झालं, आणि ज्याच्या हातून झालं तो त्या घरचा जावई होता. घर सासऱ्यांचं. लग्नानंतर 'बाबा एकटे कसे राहतील' म्हणून बायकोनं त्यालाच इकडे आणलं, तेव्हापासून जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचा, तळमजल्यावरच्या शिंप्याचा, पेपरवाल्याचा, तो सरसकट जावईच झाला. ऑनलाइन वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो किमती भरायच्या कामावर होता. सासरे जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म उन्हातान्हात बांध मोजण्यात गेल्यामुळे, ज्या कामाला घाम येत नाही त्याला ते काम मानत नसत. "किमती भरतो म्हणजे नक्की करतो काय?" हे त्यांनी जावयाला कधी विचारलं नाही. मुलीला विचारत. त्याच्यासमोर.

काय करतो ते असं. सेलच्या आधी शेकडो वस्तूंच्या नव्या किमती भरायच्या असतात. चूक होऊ नये म्हणून कंपनीनं दोन चौकटी ठेवल्या होत्या. एकानं पहिलीत आकडा भरायचा, दुसऱ्यानं तो न बघता दुसरीत पुन्हा भरायचा, आणि दोन्ही जुळले तरच कॉम्प्युटर हिरवी खूण देणार. व्यवस्था चोख होती. पण जावई आणि शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली, या जोडीनं त्यात एक सोय करून घेतली होती. एकानं दोन्ही चौकटी भरायच्या, तोवर दुसऱ्यानं चहा पिऊन यायचं. पहिल्या चौकटीतला आकडा उचलून दुसरीत चिकटवला की काम फत्ते. त्या सकाळी चहाची पाळी चष्मेवालीची होती. जावयानं दोन दारांच्या, बर्फ आपोआप पाडणाऱ्या फ्रीजच्या किमतीतलं एक शून्य खाल्लं, आणि तोच आकडा दुसऱ्या चौकटीत नेऊन ठेवला. कॉम्प्युटरनं चूक चुकीशी ताडून पाहिली, तंतोतंत जुळली, आणि हिरवी खूण दिली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासरे दारातच उभे होते. (दार तेव्हा होतं.)

"जावईबापू, या. बसा. चहा घ्या."

चहा सासऱ्यांनी स्वतः केला होता. जावयाला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

कुणी गेलेलं नव्हतं. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्याही मदतीशिवाय, फोनवरून खरेदी केली होती. फ्रीज घेतला होता, मुलीसाठी. मिक्सरच्या किमतीत. जुना फ्रीज पाय फुटल्यासारखा थरथरत स्वयंपाकघरभर फिरायचा आणि खालून गळायचा. बायको त्याच्याखाली रोज फडकं घालायची, आणि सासरे ते रोज बघायचे. आता फडकं संपलं, असं त्यांनी जाहीर केलं.

"तुमची कंपनी मोठ्या मनाची आहे हो," ते म्हणाले. "मी उगीच नावं ठेवत होतो."

जावयानं फोनवरचं चित्र पाहिलं. आकडा पाहिला. सकाळी त्यानंच भरलेला.

त्यानं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सासरे पहिल्यांदाच त्याच्याकडे, दोन माणसांनी मिळून मोठं काम केल्यावर बघावं तसे बघत होते. सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं म्हणत त्यानं कप रिकामा केला, आणि मग सांगायला फार उशीर झालेला होता, कारण सासरे जिन्यात निघून गेले होते. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून त्यांनी एकेका घराला ही बातमी दिली. सगळ्या बिऱ्हाडांनी फ्रीज मागवला. शिंप्यानं मागवला नाही, कारण त्याला सासऱ्यांनी आपला जुनाच देऊन टाकला, फुकट, त्याच संध्याकाळी, फडक्यासकट.

"अशा किमती कधीकधी चुकून पडतात, बाबा," जावयानं रात्रीच्या जेवणाला चाचरत विषय काढला.

"एवढी मोठी कंपनी. चार माणसं तपासत असतील."

"दोन," जावई म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज."

"तुम्हीच भरता ना पण किमती?" बायकोनं विचारलं. ती चारचौघांत आणि बाबांसमोर त्याला अहोजाहो करायची.

"मी खेळणी बघतो," जावई म्हणाला. "फ्रीजचं खातं निराळं."

खेळणी हा शब्द तोंडून गेला, आणि त्याच्याबरोबर परतीची वाटही गेली.

आता दार.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मोजपट्टी काढली. फ्रीजची रुंदी फोनवर दिलेली होती, दाराची रुंदी त्यांनी मोजली, खाली, मध्ये आणि वर. दार दोन बोटं कमी पडत होतं. दुसरा कुणी असता तर हळहळला असता. सासऱ्यांच्या अंगात जुना मोजणीदार संचारला. सुताराला बोलावणं गेलं. सुतारानं दार बिजागऱ्यांतून उतरवलं, जिन्यात टेकवलं, आणि चौकट दोन बोटं तासून काढली. आता बिजागऱ्या बसवायला लाकूडच उरलं नव्हतं. पण ते पुढचं काम. फ्रीज आत गेला की नवी पट्टी मारून दार पुन्हा लावू, तासाभराचं काम आहे, असं म्हणून सुतार दुसऱ्या कामावर निघून गेला.

ऑफिसात जावई बसेना की उभा राहीना. चूक एव्हाना वरपर्यंत पोचली होती. कंपनीच्या कायदा खात्याची माणसं काचेच्या खोलीत जमली होती. ऑर्डरी रद्द करायच्या तर माफी कोणत्या शब्दांत मागायची, यावर त्यांचा खल चालला होता. त्याच्या खात्याच्या प्रमुख मॅडमनी जावयाला बोलावून विचारलं, लक्ष कुठं होतं. फोन आला होता, तो म्हणाला. कुणाचा, मॅडमनी विचारलं. घरून, तो म्हणाला. मग तोच मॅडमच्या मागे लागला, ऑर्डरी आजच्या आज रद्द करा म्हणून. ज्यानं घोळ घातला त्यालाच सगळ्यात जास्त घाई, हे बघून मॅडमना त्याच्याबद्दल जरा बरं वाटलं. किती जबाबदार माणूस. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त तासलेली चौकट होती.

कायद्याची माणसं स्वल्पविरामावर अडली होती. तोवर बिनदाराच्या घरात काय काय आलं म्हणाल, तर पलीकडच्या बिऱ्हाडातलं मांजर आलं आणि राहिलं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ फोनवर बोलत सरळ आत आले आणि बोलणं संपेपर्यंत सोफ्यावर बसले. दूध शिंप्याकडे ठेवायची वेळ आली, शिंपी स्वभावानं चांगला, पण आपल्याच फ्रीजचं दार उघडण्यापूर्वी बायकोला "दादा, उघडू का?" असं विचारावं लागे, आणि एखादं गिऱ्हाईक माप देत असलं की पातेलं घेऊन थांबावंही लागे. रात्री सासरे आणि जावई पाळीपाळीनं दारात गादी टाकून झोपू लागले. सासरे खूश होते. उन्हातल्या मुक्कामांची आठवण येते म्हणाले.

मग रद्द झाल्याचा मेसेज आला. सगळ्या जिन्याचे फोन एकदम वाजले. दिलगिरी होती, पैसे परत होते, स्वल्पविरामही जागेवर होते.

सगळी बिऱ्हाडं कंपनीवर तुटून पडली. तशीच इतर हजार जिन्यांतली माणसं तुटून पडली असावीत, कारण ऑफिसातल्या फोनांना उसंत मिळेना. मॅडमनी किमतीवाल्यांनाही हेडफोन दिले. सगळ्यात आधी जावयाला. ज्यानं शून्य खाल्लं त्यानं ते पचतं कसं तेही ऐकावं, असं त्या शांतपणे म्हणाल्या, आणि काय बोलायचं त्याचा छापील कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं बऱ्याच शिव्या कागदावर बोट ठेवून ऐकल्या. दुपार कलताना एक फोन आला. पलीकडे आधी कुणी बोललंच नाही. नुसता आवाज आला, झप्प.

जावयानं रुमाल काढून तोंडावर धरला.

"नमस्कार. आपली काय सेवा करू शकतो?"

"नाव काय आपलं?" सासरे म्हणाले.

"ग्राहक प्रतिनिधी, सर."

"आईवडिलांनी हेच ठेवलं?"

 जावयानं कागदावरची पुढची ओळ वाचली, की झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी अत्यंत दिलगीर आहे. सासऱ्यांनी ती ऐकून घेतली. जावई पुढच्या भडिमारासाठी मान खाली घालून बसला, पण भडिमार आला नाही. सासऱ्यांचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता इतका खाली होता. पैसे मिळाले, त्यांची तक्रार नाही, ते म्हणाले. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की आता मुलीला काय सांगायचं. आजवर तिला जे जे घेऊन दिलं ते दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं होतं. हे एकच त्यांनी स्वतः शोधलं होतं. सगळ्या जिन्याला सांगितलं होतं. आता जिन्यात लोक त्यांना बघून आपलं बोलणं थांबवतात.

"तुमच्याच कंपनीत आमचे जावई आहेत," सासरे म्हणाले. "खेळण्यांच्या खात्यात. त्यांना घ्या की फ्रीजकडे. त्यांच्या हातून हे झालं नसतं. कमी बोलतात, पण जे करतात ते बघून करतात. मी त्यांना कधी म्हटलं नाही ते."

जावयाच्या हातातला रुमाल कधी खाली आला ते त्याला कळलं नाही. कागद बाजूला सरकला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मुलगी काही म्हणणार नाही. आणि आधी त्या दाराचं बघा. सुतार आज नाही आला तर निदान चादर तरी बांधा, कमरेला वारं लागतं तुमच्या."

पलीकडे पुन्हा झप्प झालं.

"बरं," सासरे म्हणाले, आणि फोन ठेवला.

तो घरी पोचला तेव्हा दाराच्या जागी चादर लोंबत होती. मांजर तिच्याखालून ये-जा करत होतं. आत बायको पानं घेत होती. बाबांनी कंपनीला चांगलं झापलं, असं तिनं अभिमानानं सांगितलं.

"झापलं कसलं," सासरे म्हणाले. "एक प्रतिनिधी होता. सभ्य वाटला. एक गंमत झाली फक्त. त्याला आपलं दार काढलंय ते माहीत होतं. मी तर दाराचं अवाक्षर काढलं नव्हतं."

जावयाच्या हातातला घास हातातच राहिला.

"हल्ली सगळं ऐकतात हो फोनमधून," बायको म्हणाली. "चपलांचं बोललं की चपलांच्या जाहिराती येतात."

"असेल. माझी कंबर दुखते, तेही ऐकलं असेल." सासरे शांतपणे पाणी प्याले. "जावईबापू, खेळणी कशी चालली आहेत?"

"ठीक," जावई म्हणाला.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी एक खुर्ची उचलून दाराच्या जागी, चादरीबाहेर, जिन्यात नेऊन ठेवली. सुतार येईपर्यंत राखण तुमची, म्हणाले. जावई बसला. जिन्यातून जाणारं प्रत्येक बिऱ्हाड थांबून त्याला ऐकवून जाऊ लागलं, की तुमच्या कंपनीत कोण गाढव बसवून ठेवलंय. तो प्रत्येकाला "बघतो," म्हणत होता.

थोड्या वेळानं चादर हलली. सासरे दुसरी खुर्ची घेऊन बाहेर आले आणि शेजारी बसले. हातात मोजपट्टी होती. उगाच ओढत होते, सोडत होते.

"एकच शून्य?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"एकच."

"हिला सांगू नका."

"नाही."

पट्टी झप्पकन आत गेली. सासऱ्यांनी चादरीआड वाकून मुलगी स्वयंपाकघरातच आहे याची खात्री करून घेतली.

"मग माझंही एक तुमच्याजवळ राहू द्या," ते म्हणाले. "आज दुपारी ते चित्र पुन्हा नीट पाहिलं. मी नुसत्या डब्याची रुंदी धरली होती. फ्रीजच्या दारांच्या मुठी धरल्याच नव्हत्या. फ्रीज आला असता, तरी आणखी दोन बोटांनी बाहेरच राहिला असता."

जावयानं जिन्यात टेकवलेल्या दाराकडे पाहिलं. मग तासलेल्या चौकटीकडे. हसू दाबायला त्यानं खिशातला रुमाल काढून पुन्हा तोंडावर धरला.

"तसाच धरला होता ना दुपारी?" सासरे म्हणाले.

वरून एक बिऱ्हाड जिना उतरत आलं, थांबलं, आणि कंपनीतल्या गाढवाचा विषय काढला. "गाढवच," सासरे म्हणाले, "पण जाऊ द्या आता." हे त्यांनी इतक्या अधिकारवाणीनं म्हटलं, की ते बिऱ्हाड आणखी काही न बोलता खाली उतरून गेलं.

त्या सकाळी, जावई फ्रीजच्या ओळीत किंमत भरत होता तेव्हा, खांद्यानं कानाशी दाबलेल्या फोनवर सासरे होते. त्यांना विचारायचं होतं, की यंदाच्या सेलमध्ये फ्रीज स्वस्त होईल का.