नत्थूजी मास्तरांचा साहेब

अकरावीत शिकणाऱ्या पोराला भर बाजारात कडक सलाम ठोकणारा मास्तर तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आणि ते पोर मीच होतो. आरमोरीच्या बाजारात मी आईची पिशवी धरून कांद्याच्या ढिगापाशी उभा असायचो, तेवढ्यात गर्दीतून आरोळी यायची, "साब!" टाचा जुळायच्या, हात कपाळाला जायचा. मी सलाम परत करेपर्यंत मास्तर हात खाली घेत नसत, त्यामुळे पिशवी डाव्या हातात घेऊन मलाही सलाम ठोकावा लागे.

एकदा कांदेवाली म्हणाली, "हा कोनता साहेब हो मास्तर? याच्या नाकाले तं शेंबूड हाय!"

"आज हाय," नत्थूजी मास्तर शांतपणे म्हणाले, "उद्या पुसन."

ते आमच्या हायस्कूलचे ड्रिल मास्तर. शाळेमागच्या खोलीत एकटेच राहत, आगेमागे कोणी नव्हतं. लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या सीमेवर रस्ते बांधणाऱ्या तुकडीत होते. बंदूक चालवली का, असं कोणी विचारलं तर खोटं बोलत नसत. म्हणत, "बंदुका साहेब लोकं चालवत. आपन गिट्टी फोडली. पन रस्ता असा केला, का रनगाड्याच्या पोटातलं पानी हालत नसे." त्या गिट्टीतून त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला होता. आमच्या झाडीतून, म्हणजे या जंगलपट्टीतून, गिट्टी फोडणारे गेले, भात शिजवणारे गेले, पण अफसर एकही गेला नाही. पुण्याकडं अफसर घडवणारी अकादमी निघाल्याचं त्यांनी पेपरात वाचलं आणि ते माणूस शोधायला लागले. मीच का सापडलो, असं मी विचारलं. म्हणाले, "शर्यतीत तुमी पडले, आन रडाच्या आधी चड्डी झटकली. हे अफसराचं लक्षन हाय."

मग आमची तयारी सुरू झाली. पहाटे वैनगंगेपर्यंत पळत जायचं, गार पाण्यात बुडी मारायची आणि येताना मास्तरांशी इंग्रजीत बोलायचं. त्यांचं इंग्रजी कवायतीच्या हुकमांपुरतंच होतं, त्यामुळे आमचं संभाषण बरंचसं 'क्विक मार्च' आणि 'हॉल्ट' यांच्यामध्येच चाले.

अफसर काट्यानं जेवतात, हे त्यांनी लांबून पाहिलं होतं. आरमोरीत काटा कुठला? त्यांनी बुरडाकडून बांबूचा करवून घेतला आणि आमच्या घरी येऊन मला वरण-भात खायला बसवलं. वरण काट्यातून गळून मांडीवर, भात जमिनीवर. आई बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मास्तर, याच्यानं तं माहा पोट्टा अफसर व्हाच्या आधीच उपाशी मरन."

त्यांचा आवडता प्रश्न मात्र वेगळाच. मी वर्गातून बाहेर पडलो की भिंतीआडून उडी मारून पुढं येत. "साहेब, समोर वाघ हाय! काय कराल?"

"झाडावर चढीन."

"आन तुमची पलटन?"

आमच्याकडं वाघ काही पुस्तकातला नव्हता, त्यामुळे आधी दुसऱ्यांना झाडावर चढवायचं ही कल्पना मला पचेना. पण हा प्रश्न त्यांनी वर्षभर सोडला नाही. मी बोरं खात असलो तरी तोच, विहिरीवर पाणी पीत असलो तरी तोच. आधी पलटन, मग साहेब, या त्यांच्या नियमापायी माझी निम्मी बोरं वर्गातली पोरं खात.

सगळं जमत आलं आणि अर्ज अडला तो घरात. त्यावर बापाची सही हवी होती. मी एकुलता एक. आमच्या बानं सही करायला साफ नकार दिला. "हा फौजेत गेला तं रोवना कोन करन? धान काय तुमच्या सलामानं उगवन?" रोवणा म्हणजे धानाची रोपं चिखलात लावणं. घरात तरणी पाठ माझी एकट्याचीच, त्यामुळे त्याचं बोलणं चूक नव्हतं. मला वाटलं, संपलं. तोवर मला कळलंच नव्हतं, की मला जायचंच आहे.

मास्तर म्हणाले, "साहेब, तुमी बाहेर जा." मी गोठ्याशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं ते सही घेऊन बाहेर आले. काय बोललात, विचारलं तर म्हणाले, "अफसरानं निकाल पाहावा, भानगडी पुसू नये."

लेखी परीक्षा निभावली. फौजेच्या निवड बोर्डापुढं मात्र आमची झाडी उघडी पडली. मैदानात चुन्याच्या दोन रेघा मारून अधिकारी म्हणाले, ही नदी, फळी-दोर घेऊन पलीकडं जा. बाकीची पोरं फळीकडं धावली. मी बूट काढले, पँट गुडघ्यावर दुमडली आणि एक काठी घेऊन त्या कोरड्या मैदानात खोली चाचपायला लागलो. आमच्याकडं गाळ बघितल्याशिवाय कोणी नाल्यात पाय घालत नाही, सवयच ती! वर ओरडलोसुद्धा, "थांबा रे, पयले मी पाहातो!" अधिकारी पोट धरून हसले. मी समजलो, गेलं सारं. पण निवडलेल्यांत माझं नाव होतं. कशामुळे, ते देव जाणे.

पहिल्या सुट्टीत गावी आलो ते ऐन रोवण्यात. घराला कडी होती, म्हणून थेट शेतावर गेलो. बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या आणि त्यांच्यात गुडघाभर चिखलात एक पुरुष. "डावीकडून सीधी लाइन! शांताबाई, मांगं राहू नका!" बायका हसून लोटपोट. ते नत्थूजी मास्तर होते.

आई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली होती. म्हणाली, "सहीच्या दिवशी त्यायनं तुह्या बाले शब्द देल्ला, पोराच्या जागी मी येईन म्हनून. शाळा सुटली का येते. पयल्या दिशी मी जेवाले वाढलं, तं घास हातातच राह्यला रे. म्हने, बाई, कोनी समोर बसून वाढलं त्याले लय वर्सं झाली."

मी बूट काढून चिखलात उतरलो आणि त्यांच्या शेजारी वाकलो. त्यांनी मला रोपं दिली नाहीत. खाली बघतच हळूच म्हणाले, "साहेब, एक पुसू काय? आता तुमचा पगार सुरू होईन. तुमचे बा मंग मजूर लावतीन. तवा... मी यावं का नाई?"

ज्या माणसानं मला घराबाहेर काढलं, त्याला माझ्याच घरात एक पाट हवा होता, आणि तो हे मला विचारायला भीत होता. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात धुऱ्यावरून आई ओरडली, "अवो मास्तर! हात धुवा, भात निवून राह्यला! आन त्या साहेबालेही आना!"

मास्तर घाईघाईनं माझ्यापुढं निघाले.