अनशीच्या भिंतीचा अभ्यास

एका जंगलात, बाळांनो, विद्वत्तेची साथ आली होती. साथ म्हटलं की तुम्हाला खोकला आठवतो. पण या साथीत कुणी खोकत नसे, सगळे बोलत असत. ज्याला लागण झाली तो स्वतःचं बीळ झाडायचं सोडून द्यायचा आणि दुसऱ्याच्या बिळात केर का साचतो याचा अभ्यास करायला निघायचा.

त्याच जंगलात बेहड्याच्या ढोलीत अनशी नावाची धनेशीण राहत होती. धनेश पाहिलाय ना तुम्ही? ही एवढी थोरली चोच. आणि उडाला की पंखांचा असा आवाज, की खाली भाकरी थापणारी बाई हातातली भाकरी तशीच धरून वर बघते.

या धनेशांची एक जुनी रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. माती, फळांचा चोथा, घरातली घाण, जे हाताशी असेल ते कालवून अशी भिंत घालते की पहारीलाही दाद देऊ नये. चोच बाहेर निघेल एवढी एक फट तेवढी ठेवते. मग आत बसून जुनी पिसं टाकते, अंडी उबवते, पिल्लं वाढवते. नर बाहेरून उंबरं आणतो आणि फटीतून एकेक भरवतो.

भिंत कशासाठी, म्हणता? घोरपडीसाठी. घोरपडीला धनेशाची पिल्लं फार आवडतात. तुम्हाला जिलबी आवडते तशीच.

अनशीच्या नवऱ्याचं नाव भिवा. कामाला वाघ, बोलायला मुखदुर्बळ. उजाडलं की उंबराच्या झाडावर जायचा, गळा भरून उंबरं आणायचा आणि फटीपाशी बसून भरवायचा. अनशी आतून म्हणायची, "पुरे हो, तुम्हीपण खा." तो म्हणायचा, "खाल्लं." खाल्लेलं नसायचं. तिला ते कळायचं. दोन पिल्लं होती. थोरलं खादाड, धाकटं किडकिडीत. संसार म्हणतात तो एवढाच असतो, बाळांनो.

आणि मग एके दिवशी बेहड्याखाली विद्वान आले.

पुढे होत्या डॉक्टर तरसबाई. या फार लांबच्या, सिंहांच्या मुलखातल्या. तिकडे तरसांच्या घरात मादीचं राज्य असतं आणि नर शेवटी जेवतात. त्यांच्यामागून धापा टाकत आले प्राध्यापक पेंग्विन. हे बर्फाच्या मुलखातले. तिकडे हिवाळाभर अंडं पायावर घेऊन नर उभा असतो. जगात नर काय करतो, मादी काय करते, हे पाहायला दोघे पृथ्वी पालथी घालत होते. समुद्रात एका माशात बापच गरोदर राहतो, तोही पाहून आले होते. बाईंना समाजशास्त्र येत होतं, प्राध्यापकांना हवामान. एका शास्त्राने जे कळत नाही ते दोन शास्त्रांनी दुप्पट कळत नाही, म्हणून ते नेहमी जोडीने हिंडत.

तरसबाईंनी मान वर करून भिंत पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोंडलंय हो तिला!" त्या म्हणाल्या.

"थंडीपासून बचाव असावा," पेंग्विन घाम पुसत म्हणाले.

फटीतून अनशीची चोच बाहेर आली. "मला कुणी कोंडलं नाही. भिंत माझी मीच घातलीय. वर या, सांगते."



"आवाज आहे," तरसबाई पुटपुटल्या. "मादीला आवाज आहे. केवढी मोठी गोष्ट!"

"ती काय म्हणते ते ऐकायचं का?" पेंग्विननी विचारलं.

"छे! जिचा अभ्यास करायचा तिच्याशी बोलायचं नाही, हा आपला पहिला नियम. तिने एकदा सांगून टाकलं की आपण शोधायचं काय?"

हेही खरंच होतं. पण तिच्या मनात काय आहे हे कळायला तर हवं. तेवढ्यात भिवा उंबरं घेऊन आला. त्याला पाहताच बाईंचा चेहरा उजळला. हा रोज फटीपाशी बसतो. याला तिचं सगळं माहीत असणार. आणि अभ्यास याचा नाही, तेव्हा याच्याशी बोललेलं चालतं.

"भिवाजी," बाई म्हणाल्या, "मोठं चर्चासत्र भरवतोय. तिच्या वतीने तुम्ही बोलायचं."

"मला बोलता येत नाही," भिवा म्हणाला.

"तेच आम्हाला हवंय," पेंग्विन म्हणाले.

उंबराखाली मांडव उभा राहिला. भिवाला शाल-श्रीफळ मिळालं, उंच खुंटावर बसायला जागा मिळाली. जन्मात कुणी त्याला "जी" लावलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो दोन वाक्यं बोलला, तर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चार बोलला. टाळ्यांची चव उंबरापेक्षा गोड असते, बाळांनो, आणि पोट मात्र भरत नाही. त्यामुळे ती चटकन सुटत नाही.

त्या दिवशी तो उशिरा घरी आला. चोचीत दोनच उंबरं.

"एवढीच?" अनशीने विचारलं.

"अगं, आज मांडणी होती. तुला ठाऊक आहे का, तू बंदिवान आहेस. मला आजच कळलं."

"बरं. उद्या जास्त आणा. धाकटं मान टाकतंय."

"तू अशी पोराबाळांतच अडकतेस," भिवा हळहळला. "तुझ्यावर संस्कारच तसे झालेत."

अनशीने दोन्ही उंबरं धाकट्याला दिली. थोरल्याने रात्रभर भोकाड पसरलं.

तिसऱ्या दिवशी भिवा आलाच नाही. उंबरंही येणार कुठून? देशोदेशीचे पाहुणे मांडवात आले होते आणि मध्यंतराच्या फराळाला झाडावरची उंबरं उतरवली जात होती. फांद्या ओक्याबोक्या होत चालल्या होत्या. ते अनशीला फटीतून दिसत होतं.

ती जीव खाऊन ओरडली, "अहो, माझी पोरं उपाशी आहेत!"

तिचा आवाज मांडवात नीट पोचला. सगळे गंभीर झाले. भूक या विषयावर लगेच एक सत्र घेण्यात आलं. पेंग्विननी सांगितलं की आमच्याकडे बापच उपाशी राहतो, तेव्हा भूक ही मादीचीच असं म्हणता येणार नाही. तरसबाईंनी सांगितलं की आमच्याकडे मादी कधीच उपाशी राहत नाही, तेव्हा ही भूक इथल्या रूढीची आहे. मग कुणीतरी विचारलं, की उपाशी म्हणजे नक्की काय? यावर दिवस मावळेपर्यंत वाद झाला. वादाने सगळ्यांना भूक लागली, म्हणून आणखी उंबरं उतरवली.

शेवटच्या दिवशी भिंतीबद्दल ठराव आला. भिंत पडलीच पाहिजे, असा एक पक्ष. भिंत ही परंपरा आहे, हात लावू नका, असा दुसरा. पहिल्या पक्षाची बाजू सगळ्यांत तळमळीने मांडली ती घोरपडीने.  "किती दिवस," ती म्हणाली, "किती दिवस ती कोवळी पिल्लं अंधारात राहणार? त्यांना उजेड मिळायला नको? वारा मिळायला नको? मला रात्र-रात्र झोप येत नाही हो!" सभा गहिवरली. तरसबाईंनी तिला जवळ घेतलं.

इकडे ढोलीत धाकट्याने डोळे मिटले होते. श्वास तेवढा चालू होता. अनशीने त्याच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तिच्या अंगावर उडण्याजोगी पिसं नव्हती, नुसती खुरटी टोकं. भिंत फोडली तर घर उघडं पडणार, नाही फोडली तर पोर जाणार. असली सत्रं आया एकट्याच उरकतात, बाळांनो. तिथे फराळ नसतो.

तिने चोच उगारली आणि भिंत फोडली.

फांदी-फांदीने उड्या मारत, धडपडत, खरचटत ती उंबरावरून मांडवात उतरली. झाडावर एक फळ शिल्लक नव्हतं. पाहुण्यांच्या पत्रावळीत मात्र रास पडलेली होती. ती चोच भरून घेऊ लागली.

खुंटावर भिवाचं भाषण रंगात आलं होतं. "भिंतीआड ती एकटी बसलेली असते. तिची प्रत्येक हालचाल मी ओळखतो. तिचा श्वासदेखील..." एवढ्यात त्याला खाली एक पिसं झडलेली, धुळीने माखलेली पक्षीण दिसली. त्याची तार तुटली.

"अहो बाई!" तो ओरडला. "खाली बसा. महत्त्वाचं चाललंय. एका आईबद्दल बोलतोय मी!"

अनशीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तोंड उंबरांनी भरलं होतं.  त्याच वेळी तिला दिसलं, की घोरपडीची जागा रिकामी आहे.

ती परत कशी पोचली ते तिलाच ठाऊक. घोरपडीचं डोकं ढोलीत शिरलं होतं. अनशीने मागून असा काही टोला हाणला की घोरपड फांदीवरून खाली आपटली.

"मारतेस काय?" घोरपड नाक चोळत म्हणाली. "मी तर क्षेत्रभेटीला आले होते!"

अनशीने पिल्लांना भरवलं. मग भिंत पुन्हा लिंपली. धाकट्याने संध्याकाळी डोळे उघडले.

अंधार पडता पडता भिवा आला. चोचीत उंबर नव्हतं, निमंत्रण होतं. बर्फाच्या मुलखात भिंतीआडच्या आयांवर कायमचं अध्यासन निघालं होतं आणि त्यावर भिवाजींची एकमताने निवड झाली होती.

"जाऊ ना?" त्याने विचारलं. "तुझंच दुःख जगाला सांगायला चाललोय गं."

 आत भिंतीला दुसरा थर बसत होता. भिवाने त्याचा अर्थ संमती असा घेतला. एव्हाना तो बऱ्यापैकी विद्वान झाला होता.

पिसं येईपर्यंत अनशीने रोज भिंत फोडली, लांबच्या झाडांवर चढून फळं आणली आणि रोज भिंत लिंपली. दोन्ही पिल्लं जगली. धाकट्याचे पंख मात्र जरा आखूडच राहिले. त्याला उडताना पाहिलं की मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

चर्चासत्राचा अहवाल थाटात निघाला. त्यात म्हटलं होतं की, आमच्या प्रयत्नांमुळे मादी भिंतीबाहेर पडली. ती पुन्हा आत का गेली, यावर अधिक अभ्यासाची गरज आहे. आणि बर्फाच्या मुलखात भिवाचं भाषण ऐकून पेंग्विनांच्या बायका ढसाढसा रडल्या.

तात्पर्य : बाईचं दुःख समजून घ्यायचं असेल, तर बाळांनो, नेहमी तिच्या नवऱ्याला बोलवावं. तिला बोलावलं तर ती नुसती उंबरं मागते, आणि दिली की विषयच संपतो.