जावयाच्या हातची खुर्ची

दिवसभर उभं राहून खुर्च्या काढायच्या आणि घरी येऊन जमिनीवर बसायचं, हे त्याच्या गुडघ्यांना आता पटेनासं झालं होतं. कारखान्यात तो मशीन चालवायचा. पॉलिप्रॉपिलीनचे पांढरे दाणे वरून ओतायचे, ते वितळून साच्यात शिरायचे, साचा थंड झाला की खुर्ची बाहेर. आणि बाहेर आली की थेट दुसऱ्या कुणाच्या तरी बुडाखाली. त्या दिवशी एक खुर्ची साच्यातून जरा लवकर निघाली आणि तिचे दोन्ही हात आत वळले. ती दळून पुन्हा तिचे दाणे करायचे होते. त्यानं साहेबांकडून ती मागून घेतली. फक्त हात तर वळलेत, त्याला वाटलं. (माणूस दमला की ‘फक्त’ हा शब्द फार सहज वापरतो.)

घरी सासरे आलेले होते. भरल्या अंगाचे, विजेचे मीटर तपासून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरही दिसेल ती वस्तू तपासणारे.

“कशाची आहे ही?”

“पॉलिप्रॉपिलीनची, मामा. तुमचा जेवणाचा डबा, मोरीतली बादली, ती धान्याची गोणी, सगळं त्याचंच.”

“मोडेल?”

त्याच्या कामाबद्दल घरात कुणी प्रश्न विचारल्याला वर्षं लोटली होती. तो फुलला. “वाकेल, पण मोडायची नाही. माझा शब्द.”

सासरे बसले. खुर्चीचे हात अदबीनं बाजूला झाले, सासरे आत उतरले आणि हात पुन्हा जागेवर आले. तो भिंतीला टेकून खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत राहिला. चहा झाला. सासरे उठले. खुर्चीही उठली.

“जावईबापू,” ते वाकल्या अवस्थेतच म्हणाले, “हिला कुठे खटका असतो का?”

“नाही, मामा.”

त्यानं खुर्ची ओढली तर सासरे आले. बायकोनं वडिलांना ओढलं तर खुर्ची आली. मग तिनं कपडे वाळत घालायची दोरी आणली. खुर्चीचा एक हात खिडकीच्या गजाला बांधला, दुसरा त्यानं दोरीनं ओढला. हात थोडे फाकले, आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांनी मोठा श्वास घेतला.

“दोरीच लेचीपेची आहे,” बायको म्हणाली.

“तीही पॉलिप्रॉपिलीनचीच आहे.”

“म्हणजे सगळी एकाच घरातली. तरीच कुणी कुणाला सोडत नाही.”

सासऱ्यांना एक सुचलं. “तुम्ही हे रोज वितळवता ना?”

“हो. दोनशे तीस अंशांना.”

“मग राहू दे.”

शेवटी तो शेजारच्या सुताराकडून करवत घेऊन आला आणि खुर्चीचा उजवा हात बुंध्यापाशी कापायला बसला. प्लास्टिक तापून पात्याला चिकटायचं. पातं निवेपर्यंत थांबायचं, पुन्हा घासायचं. पाठ भरून आली. सासरे मांडी आक्रसून छताकडे बघत होते.

“बाबा, हलू नका,” बायको म्हणाली.

“हलता आलं असतं तर ही वेळ आली असती का? जपून हो, जावईबापू. खुर्ची नवीन आहे, आतला माणूस जुना आहे.”

कारखान्यात खुर्ची जन्माला घालायला मिनिटभर पुरायचं. तिच्यातून एक सासरा सोडवायला सगळी संध्याकाळ गेली.

हात निखळला आणि सासरे मोकळे झाले. आता काय काय ऐकावं लागेल म्हणून तो मान खाली घालून बसला. सासऱ्यांनी कंबर चोळत खुर्चीला एक फेरी मारली, मग मोकळ्या बाजूनं अलगद पुन्हा बसले आणि एक पाय ऐसपैस बाहेर सोडला. चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी सासूबाईंना फोन लावला.

“अगं, जावईबापूंनी माझ्यासाठी माझ्या मापाची खुर्ची केली. स्वतः करवत घेऊन बसले होते. मी म्हणतो, महिनाभर राहतोच.”

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. सासऱ्यांनी फोन छातीशी धरला.

“तीही येते म्हणतेय. मापं सांगतेय, लिहून घ्या.”