पान एकेचाळीस

फसवणुकीचा धोका नेहमी दुसऱ्याला असतो, हे आता संशोधनाने सिद्ध झाले आहे. आमच्या डिजिटल सुरक्षा व माध्यम साक्षरता अभ्यास केंद्राने दोन हजार बारा नागरिकांना विचारले, 'फोनवर आलेल्या खोट्या मजकुराला तुम्ही भुलता का?' सगळे म्हणाले, 'छे!' मग कोण भुलते, असे विचारल्यावर एकोणीसशे जणांनी नातेवाइकांची नावे दिली. (उरलेल्यांनी नावांबरोबर फोन नंबरही दिले.) याद्या जुळवून पाहिल्या, तर सगळ्यांनी एकमेकांचीच नावे दिली होती.

केंद्राची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. अहवाल छापून आला की प्रत्येकाने आपल्या वाट्याचेच पान तपासायचे. दुसऱ्याच्या पानात नाक खुपसणे असभ्य मानले जाते. प्रत्येक पानावर केंद्राचा गोल निळा शिक्का असतो, कारण शिक्का पाहिला की लोक विश्वास ठेवतात, हाही आमचाच निष्कर्ष.

यंदाच्या अहवालासाठी खोट्या मजकुराचा नमुना हवा होता. बाजारातला खोटा मजकूर वापरायला तीन परवानग्या लागतात, म्हणून संचालकबाईंनी तो मलाच बनवायला सांगितला. मी लिहिले: 'कोमट पाण्यात पाय बुडवा, शंभरपासून उलटे आकडे मोजा. रक्तदाब उतरतो. गोळ्या बंद करा.' त्याच्या वर ठळक अक्षरांत 'खालील मजकूर धादांत खोटा आहे' ही ओळ टाकली. छपाईत ती ओळ पान चाळीसच्या तळाशी राहिली आणि नमुना एकेचाळीसवर गेला, एकटाच, शिक्क्यासकट. चाळीस तपासणाऱ्याला ओळीत चूक दिसली नाही. एकेचाळीस तपासणाऱ्याला नमुना इतका पटला, की त्याने फोटो काढून सासूबाईंना पाठवला.

नऊ दिवसांनी मी घरी गेलो, तर बाबा बादलीत पाय सोडून बसले होते आणि त्रेसष्टपर्यंत उतरले होते. आईने मला बाजूला घेतले.

"चार दिवस गोळीला हात लावला नाहीये. काल उठताना तोल गेला त्यांचा. डॉक्टरांनी समजावलं, तर हे म्हणाले, गोळ्या लिहून देणं हा त्यांचा धंदाच आहे. आता तूच सांग."

मी बादलीपाशी गेलो.

"बाबा, ते खोटं आहे. मीच लिहिलंय."

बाबांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "शिक्का बघ. तुमच्याच केंद्राचा आहे. तिथे नोकरी करतोस आणि एवढं माहीत नाही?"

"अहो, मागच्या पानावर लिहिलंय ना!"

"मागचं पान मला कुणी पाठवलं नाही. चुकला ना आकडा!" बाबांनी पुन्हा शंभरपासून सुरुवात केली.

केंद्राने तातडीने सहा पानी खुलासा काढला. तो अकरा जणांनी वाचला. (त्यातल्या दहा जणांनी तो लिहिला होता.) बाबांचे पाय बादलीतच होते. शेवटी मी केंद्राच्या कपाटातून शिक्का काढला आणि एका कोऱ्या कागदावर लिहिले: 'महत्त्वाची सुधारणा. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज वेळेवर घेतली, तरच ही क्रिया लागू पडते.' शिक्का मारला, फोटो काढला आणि मावशीला पाठवला. मावशीकडून अख्ख्या खानदानात पोहोचायला वीस मिनिटे लागतात. (मोजलेले आहे.)

बाबांनी त्याच संध्याकाळी गोळी घेतली. मग तो फोटो मलाच पाठवला आणि खाली लिहिले, 'नीट वाचत जा.' मला लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसे वाटले. बाबांचा रक्तदाब आता ताब्यात आहे. श्रेय बादलीला मिळते. केंद्राच्या दप्तरी या प्रकाराची नोंद 'यशस्वी जनजागृती' अशी झाली आहे.

हे वाचता वाचता आपल्यालाही कुणीतरी आठवले असेल, ज्याला हे पाठवायलाच हवे. अवश्य पाठवा. फक्त त्यांचे नाव आम्हाला कळवायची तसदी घेऊ नका. त्यांनी तुमचे केव्हाच कळवले आहे, फोन नंबरसकट.