राणीसाहेबांच्या गाडीच्या डिस्क जुळविल्याची हकीकत

जो धावत्यास थांबवितो आणि थांबलेल्यास सांभाळतो, त्या देवास नमन करून मजकूर लिहिला जातो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एके राज्यी ऐसे वर्तमान जाहले. राज्याचे नाव लिहिणे जरूर नाही. राज्य लहान, तीन खोल्या, एक अंगण आणि अंगणात एक पांढरी गाडी, इतकाच मुलूख. त्याचे धनी रायाजीराव. राणी कालिंदीबाईसाहेब भाद्रपदात कैलासवासी जाहल्या. गाडी त्यांची. राव जन्मात गाडी चालवावयास शिकले नाहीत. बाईसाहेब चालवीत आणि राव शेजारी बसत. त्या गेल्या तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती, आणि राव रोज सकाळी तिची काच पुसून माघारे येत, आत बसत नसत.

पुढे कन्या रेवाताई यांस घाटाखाली सरकारी दवाखान्यावर नेमणूक जाहली, आणि त्यांनी मागणे केले की आईची गाडी मजला द्यावी. रावांनी रुकार दिला. मग राज्याच्या कारखान्याचे मुख्य लतीफ मिस्त्री यांस बोलावून पाहणी करविली. मिस्त्रींनी पुढली चाके उतरविली आणि अर्ज केला की ब्रेकच्या दोन्ही डिस्क झिजून पातळ जाहल्या आहेत, पाय दाबता गाडी थरथरते, ऐशा डिस्कांवर ताईसाहेबांस घाट उतरू देणे ठीक नव्हे. तेव्हा डिस्क म्हणजे काय हे रावांनी विचारून घेतले. चाकामागे लोखंडाची चकती फिरते, तीस दोहों बाजूंनी पॅड चिमटीत धरतात आणि गाडी उभी राहते, ऐसे समजले. मग नव्या आणाव्या असे ठरले.

रस्म ऐसी की जुना भाग कापडात बांधून बाजारी न्यावा आणि दुकानदारापुढे ठेवून त्याबरहुकूम नवा मागावा. बाईसाहेबांचे धाकटे बंधू बापूसाहेब या मोहिमेस सिद्ध जाहले आणि जुनी डिस्क मागू लागले. राव देईनात. बापूसाहेब बोलिले, "दाजी, लोखंड आहे ते. दाखवतो आणि परत आणतो." राव म्हणाले, "तिचं काही बाजारात जाणार नाही." मग रावांनी वर्तमानपत्र अंथरून त्यावर डिस्क ठेविली आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढिली, मधले भोक काढिले, बोल्टांची भोके काढिली, बाजूस गाडीचे मॉडेल आणि साल लिहिले, आणि तो कागद घडी करून बापूसाहेबांचे हाती दिला.

दुसरे दिवशी बापूसाहेब डिस्कांची जोडी आणि नवे पॅड घेऊन आले. ओट्यावर नवी आणि जुनी शेजारी मांडिली. घेर जुळला, भोके जुळली, मिस्त्रींनी नवी, चाक जेथे बसते त्या हबवर बसवून हलवून पाहिली तो अगदी घट्ट बसली. सर्वांस संतोष जाहला. मग रावांनी माप घ्यावयाचा व्हर्निअर मागितला आणि जाडी मोजिली, तो नवी डिस्क जुनीहून दोन मिलिमीटर जाड निघाली. कागदावर घेर आला होता, भोके आली होती, जाडी कागदावर येतच नाही, हे कोणाचे ध्यानी आले नव्हते. राव म्हणाले की ही मूळची नव्हे, नक्कल आहे, माघारी द्यावी. मिस्त्रींनी समजाविले की नवी जाडच असावयाची, जुनी झिजली आहे. रावांस पटेना. म्हणाले, "इतकी? तिचा पाय हलका होता. कधी करकचून ब्रेक मारला नाही तिने." बापूसाहेबांस ते लागले. बोलिले, "ताईच्या लेकीला मी खोटा माल आणीन होय, दाजी?"

रुजू होण्याचा दिवस उद्यावर आला होता. रेवाताई म्हणाल्या की तूर्त जुन्याच बसवा, मी सावकाश जाईन. मिस्त्रींनी साफ नकार दिला. राव नव्या बसवू देईनात. मग ताई पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग राहू दे, बाबा. गाडी इथंच राहू दे. मी एस्टीनं जाते." रावांच्या मनी आरंभापासून तेच होते की काय, हे त्यांचे त्यांसही ठाऊक नव्हते.

मग राव जुनी डिस्क पंच्यात गुंडाळू लागले, तो पंच्याचा एक धागा कडेस अडकला. सोडवावयास गेले तो अंगठ्यास उंचवटा लागला. अगदी काठावर, जेथे पॅड पोचत नाही तेथे, बारीक कड सभोवार उभी होती. रावांनी पॉलिश पेपर मागून तिचा गंज घासला आणि व्हर्निअर तेथे लाविला, मग नवीस लाविला, आणि पुन्हा जुनीस. दोहोंची जाडी एक निघाली. बाईसाहेबांचा पाय हलका, हे खरेच होते. परंतु शेजारी बसून राव म्हशीस पाहून हळू म्हणत, वळणास हळू म्हणत, मोकळ्या रस्त्यासही हळू म्हणत, आणि प्रत्येक वेळी बाईसाहेब न बोलता पाय दाबीत.

राव म्हणाले, "रेवा, ही मी झिजवली गं."

ताई म्हणाल्या, "आई म्हणायची, तुझ्या बाबांच्या बाजूला ब्रेक नाही, म्हणून मला दाबावा लागतो."

मग राव उठले आणि बापूसाहेबांचे खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बापू, माल खरा आहे. माझंच माप चुकलं." बापूसाहेब म्हणाले, "आता चहा तरी द्याल का, दाजी?" आणि मिस्त्रींनी दोन्ही डिस्क आणि नवे पॅड बसविले, आणि ताईंस सांगितले की आरंभी ब्रेक हळू दाबावा, पॅड आणि डिस्क यांस एकमेकांची ओळख होऊ द्यावी. मग ताई गाडी घेऊन टेकडीच्या उतारास निघाल्या, तो राव दार उघडून शेजारी बसले. भाद्रपदानंतर प्रथमच. उताराचे मध्यावर ताईंनी पाय दाबिला. गाडी थरथरली नाही, कोणीकडे ओढली नाही, सरळ उभी राहिली. रावांचा पायही खाली चटईवर दाबलेला होता. ताईंनी तो पाहिला आणि ब्रेक सोडून गाडी पुढे काढिली.

एकूण मजकूर इतका. नवी डिस्क जुनीशी काठावर जुळली, मध्ये जुळली नाही, आणि जुळावयाची नव्हती. गाडी घाट उतरून सुखरूप पोचली, तैसा ताईंचा फोन आला. जुन्या डिस्क पंच्यात बांधून राज्यात ठेविल्या आहेत. अंगण मोकळे आहे.